फोनची परीक्षा अडचणीच्या वेळी

नवा फोन सुरू केल्यावर पहिले काही दिवस त्याच्या बॅटरीबद्दल आणि वेगाबद्दल कुठलंही मत बनवायचं नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. जुन्या फोनमधला सगळा डेटा नव्यात आला की तो आतल्या आत बराच वेळ राबत असतो. हजारो फोटो चाळून त्यातले चेहरे ओळखून ठेवायचे, प्रत्येक ॲप त्या प्रोसेसरसाठी तयार करून घ्यायचं, बॅकअपमधले मेसेज उतरवायचे, अपडेट करायचे, हे सगळं फोन नुसता पडलेला असतानाही चालू असतं. त्यामुळे तो कोमट लागतो आणि बॅटरी भराभर उतरते. शिवाय २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून, कुठलं ॲप आपण किती वापरतो हे फोन हळूहळू शिकतो आणि न वापरल्या जाणाऱ्या ॲप्सना आवर घालतो. त्या शिकण्यालाही वेळ द्यावा लागतो. पहिल्याच संध्याकाळी दिलेला निकाल, चांगला असो की वाईट, माझ्या मते धरायचाच नाही.

काही गोष्टी मात्र खोका टाकून द्यायच्या आत बघून घ्याव्या लागतात, कारण फोन परत करायची मुदत थोडी असते. डायलरवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, दिसतो. तो खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळवून पाहिला. दोन्ही खाचांमध्ये सिम घालून दोन्हींवरून फोन लावला. रात्री दिवे घालवून, ब्राइटनेस अगदी खाली आणून स्क्रीनवर नुसता करडा रंग लावला. ओलेड स्क्रीनचा, म्हणजे जिचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा स्क्रीनचा, दोष असेल तर तो इथेच दिसतो. एखादी कड हिरवट किंवा गुलाबी दिसते, नाहीतर मध्ये डाग असल्यासारखं वाटतं. पांढऱ्या रंगावर आणि भर उजेडात हेच सगळं लपून जातं. माझी स्क्रीन स्वच्छ निघाली.

पुढच्या सगळ्या तपासणीसाठी मी एकच दिशा ठरवली. दुकानातल्या टेबलावर किंवा व्हिडिओतल्या परीक्षणात फोन नेहमी सुखात असतो. बॅटरी भरलेली, वायफाय जोरदार, हात कोरडे, खोली थंड. अशा वेळी आजकाल जवळपास सगळेच फोन चांगले चालतात, त्यामुळे एका फोनला दुसऱ्यापासून वेगळं काढता येत नाही. फरक दिसतो तो रेंज अर्धवट असताना, बोटं ओली असताना, ऊन डोक्यावर असताना, बॅटरी शेवटच्या टप्प्यात असताना. मला फोन रोज त्याच वेळी लागतो. म्हणून मी तो तिथेच तपासला.

सुरुवात फोन करण्यापासून. परीक्षणांमध्ये या कामाला जेमतेम एक ओळ मिळते, पण माझं फोनवरचं सगळ्यात जास्त बोलणं आईशी होतं आणि तिला आता कमी ऐकू येतं. तिला माझं बोलणं पहिल्यांदाच नीट कळलं पाहिजे. दोनदा-तीनदा 'काय म्हणालीस?' विचारावं लागलं की ती गप्प होते, आणि मग मला जे सांगायचं असतं ते राहूनच जातं.

पहिल्या मोठ्या फोनवरच ती म्हणाली, 'अगं, विहिरीतून बोलल्यासारखा आवाज येतोय तुझा.' रेंज पूर्ण होती, माझ्या बाजूनं सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. मी व्हॉइस रेकॉर्डरवर बोलून पाहिलं, तिथे आवाज ठणठणीत. म्हणजे खालचा माइक धड होता. मग कव्हर काढून पुन्हा तिला फोन लावला आणि ती लगेच म्हणाली, 'आता बरोबर आहे.' कव्हर नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला. फोनच्या वरच्या कडेला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, तो दुसरा माइक. तो आजूबाजूचा गोंगाट ऐकतो, आणि खालच्या माइकमधल्या आवाजातून फोन तो गोंगाट वजा करतो. कव्हरचं छिद्र थोडं बाजूला पडलं होतं, त्यामुळे वरचा माइक अर्धा झाकला गेला होता. त्याला बाहेरचं धड ऐकू येत नसलं की वजाबाकी चुकते आणि बोलणाऱ्याचा आवाजच कापला जातो. रेकॉर्डर बहुधा ही वजाबाकी करत नाही, म्हणून तिथे दोष दिसला नाही. कव्हर बदललं, प्रश्न मिटला. तेव्हापासून कव्हर घातल्यावर मी प्रत्येक छिद्र उजेडात धरून बघते. तुम्हीही बघा, कारण हा दोष आपल्याला स्वतःला कधीच ऐकू येत नाही. समोरच्यानं सांगितला तरच कळतो, आणि बरेच लोक सांगत नाहीत.

दुसरी तपासणी प्रॉक्सिमिटी सेन्सरची. फोन कानाला लावला की स्क्रीन बंद व्हायला हवी आणि बाजूला घेतला की लगेच सुरू व्हायला हवी. पूर्वी यासाठी वरच्या स्पीकरजवळ एक इन्फ्रारेड सेन्सर असायचा. कडा बारीक करण्याच्या आणि खर्च वाचवण्याच्या नादात काही फोनमधून तो गेला. त्याच्या जागी अल्ट्रासाउंडच्या लहरी आणि फोन उचलतानाची हालचाल यांवरून 'आता कानाला लावला असावा' असा अंदाज बांधणारी सोय आली. वैशिष्ट्यांच्या यादीत कधी 'व्हर्च्युअल' असा शब्द दिसतो, कधी तोही नसतो. टेबलावरून फोन उचलून कानाला लावला तर हे नीट चालतं. पण उशीला टेकून, अंगावर पांघरूण घेऊन, मान वाकडी करून बोलून पाहिलं तेव्हा दोष दिसला. मध्येच स्क्रीन जागी व्हायची, गाल लागायचा आणि माझा आवाज म्यूट व्हायचा. पलीकडे आई 'हॅलो, हॅलो' करत राहायची. दुसरा त्रास उलटा होता. चौकशीच्या नंबरवर 'तीन दाबा' असं सांगितल्यावर फोन समोर आणला तर स्क्रीन काळीच, आणि ती उजळेपर्यंत वेळ संपलेली. या बाबतीत माझा फोन काठावर पास होणारा आहे. इतर सगळं जमलं म्हणून मी हे चालवून घेतलं, पण तो दोषच आहे आणि दोष म्हणूनच मोजला पाहिजे. एवढा महत्त्वाचा सेन्सर काढून टाकला तर खोक्यावर तसं ठळक लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रेंज तपासताना स्क्रीनवरच्या काड्यांवर मी विसंबले नाही. किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपलं आपण ठरवते. सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत जाऊन खरा आकडा बघितला. तो उणे डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, असतो. फोर-जीवर उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे ११० म्हणजे कमजोर, उणे १२० म्हणजे कधीही तुटेल. जिन्यात, लिफ्टच्या तोंडाशी, तळमजल्याच्या कोपऱ्यात एकच सिम आलटून-पालटून जुन्या आणि नव्या फोनमध्ये घालून आकडे लिहून घेतले. नवा फोन सगळीकडे थोडा सरस होता. त्याहून महत्त्वाची दुसरी गोष्ट बघितली: वायफायवरून चालू असलेलं बोलणं घराबाहेर पाऊल टाकल्यावर मोबाईल नेटवर्कवर जातं का. इथे अर्धा क्षण आवाज गेला, पण बोलणं तुटलं नाही. तेवढं मला पुरे होतं.

रेंजचा आणि बॅटरीचा संबंध लोकांच्या फारसा लक्षात येत नाही. सिग्नल कमजोर असला की फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी जास्त जोर लावून प्रक्षेपण करतो, शिवाय सतत दुसरा टॉवर शोधत राहतो. त्यामुळे तोच फोन, तेवढाच वापर, पण घरी बसून केला तर संध्याकाळी निम्मी बॅटरी उरते आणि रेंज नसलेल्या जागी दिवस गेला तर दुपारीच चार्जर शोधावा लागतो. म्हणून '५००० एमएएच' हा आकडा एकटा काही सांगत नाही. या बॅटरीचा सरासरी व्होल्टेज ३.८५ धरला तर साठा होतो सुमारे १९ वॉट-तास. तो कसा खर्च होतो हे स्क्रीन, मोडेम (नेटवर्कशी बोलणारा भाग) आणि प्रोसेसर ठरवतात. मी मुद्दाम रेंज वाईट असलेल्या जागी दिवस काढून बघितला आणि बॅटरी किती पुरते याचं माझं मत त्या दिवसावरून ठरवलं.

शेवटचे पंधरा टक्केही वापरून पाहावेत. काही फोन दहा टक्क्यांवर असताना कॅमेरा उघडला की बंद पडतात, कारण त्या क्षणी जास्त वीज लागते आणि व्होल्टेज एकदम खाली जातो. नव्या बॅटरीत असं होता कामा नये. मी आठ टक्के उरलेले असताना कॅमेरा, नकाशा आणि व्हिडिओ कॉल एकामागून एक चालवले. फोन टिकला, मात्र स्क्रीन आपोआप मंद झाली.

चार्जिंगमध्ये 'पूर्ण भरायला किती मिनिटं' यापेक्षा 'पंधरा मिनिटांत किती' हे मला जास्त कामाचं वाटतं. लिथियम-आयन बॅटरी रिकामी असताना वेगानं वीज घेते आणि भरत आली की तो वेग मुद्दाम कमी केला जातो. शेवटच्या वीस टक्क्यांना पहिल्या चाळीसांएवढा वेळही लागू शकतो. बॅटरीला सगळ्यात जास्त झिजवतं ते तापणं, आणि त्याच्या जोडीला पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासनतास राहणं. म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय सेटिंगमध्ये आहे का हे बघितलं. होती, ती लगेच सुरू केली. चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉलवर बोलत बसले तेव्हा पाठ चांगलीच गरम झाली. तसं करायचं नाही, हा नियम घरात सगळ्यांना सांगून टाकला.

आता ज्या गोष्टीनं मला सगळ्यात जास्त काळजीत टाकलं, तिच्याबद्दल. आईच्या औषधांच्या वेळा मी एका स्मरण देणाऱ्या ॲपमध्ये लावून ठेवते, तिला फोन करून आठवण करायला. नव्या फोनवर पहिल्या दिवशी आठवण वेळेवर वाजली. दुसऱ्या दिवशी सकाळची वाजलीच नाही. फोन उचलला, स्क्रीन उजळली, आणि मग रात्रभरचे मेसेज आणि ती आठवण धडाधड एकत्र आले. अँड्रॉइडमध्ये २०१५ च्या आवृत्ती ६ पासून 'डोझ' नावाची व्यवस्था आहे. फोन बराच वेळ स्थिर पडून राहिला की ॲप्सना थोड्या-थोड्या वेळानंच काम करायची मुभा मिळते. त्यावर काही कंपन्या आपले आणखी कडक नियम चढवतात आणि न वापरलेली ॲप्स सरळ बंद करून टाकतात. जाहिरातीत बॅटरी दोन दिवस चालते ती थोडीफार अशीही चालते. फोनमधल्या घड्याळाचा गजर वाजतो, कारण त्याला सूट असते. बाहेरून घेतलेल्या ॲपला ती सूट आपण द्यावी लागते. त्या ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीचा वापर 'निर्बंध नाही' असा केला, अचूक वेळेच्या गजराची परवानगी आहे ना ते पाहिलं, आणि ॲप आपोआप सुरू व्हायची मुभा दिली. ही तिसरी सेटिंग दुसऱ्याच पानावर लपलेली होती. मग रोज रात्री फोन टेबलावर न हलवता ठेवून सकाळी जुन्या फोनवरून त्याला मेसेज पाठवायचा आणि किती वेळानं वाजतो ते बघायचं, असं सुरू केलं. आठवणही मेसेजही वेळेवर येतात याची खात्री होईपर्यंत जुना फोन बंद केला नाही. सगळ्या तपासणीत एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. ही अडचण दुकानात कळत नाही, कारण तिथे फोन कधी रात्रभर शांत पडलेला नसतो.

स्क्रीनबद्दल थोडक्यात. जाहिरातीतला हजारो निट्सचा (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आकडा बहुतेक वेळा स्क्रीनच्या लहानशा भागात, एचडीआर म्हणजे जास्त उजेड-अंधार दाखवणारं चित्र चालू असताना, थोडा वेळ मिळणाऱ्या उजेडाचा असतो. भर उन्हात पूर्ण पांढऱ्या पानावरचा मजकूर वाचता येतो का, हा खरा प्रश्न. आला. पण ऊन लागून फोन तापला की थोड्या वेळानं ब्राइटनेस आपोआप खाली आला. नकाशा लावून चालताना हे जाणवतं. रात्रीचा प्रश्न वेगळा. अनेक ओलेड स्क्रीन कमी उजेडासाठी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात शटरचा वेग वाढवून या स्क्रीनकडे बघितलं तर काळे पट्टे सरकताना दिसतात. माझ्या फोनवर ते पुसट दिसले. अंधारात बराच वेळ वाचून पाहिलं, त्रास झाला नाही. ज्यांना अर्धशिशी आहे त्यांनी हे मुदतीच्या आत नक्की बघावं. १२० हर्ट्झचं, म्हणजे स्क्रीन सेकंदाला १२० वेळा चित्र बदलते त्याचं म्हणाल, तर सरकवताना मजकूर स्थिर दिसतो आणि ते मला आवडलं. पण परत ६० वर गेले तरी दोन दिवसांत सवय होईल.

फिंगरप्रिंट मी भांडी घासून आल्यावर, क्रीम लावल्यावर आणि थंडीत कोरड्या पडलेल्या बोटांनी तपासला. स्क्रीनखालचा ऑप्टिकल सेन्सर बोटावर प्रकाश टाकून त्याचा फोटो घेतो. ओल्या बोटाचा फोटो नीट येत नाही, आणि अंधारात तो प्रकाश डोळ्यांवर येतो. त्याच अंगठ्याची नोंद दोनदा केली, एकदा कोरड्या हातानं आणि एकदा किंचित दमट हातानं. फरक पडला.

कॅमेऱ्यावर मी फार वेळ घालवला नाही. ५० मेगापिक्सेलचा कॅमेरा रोजच्या वापरात बहुधा चार-चार पिक्सेल एकत्र करून १२.५ मेगापिक्सेलचाच फोटो देतो, आणि ते योग्यच आहे, कारण कमी उजेडात त्यानं फायदा होतो. शेजारी २ मेगापिक्सेलचा मॅक्रो दिला असेल तर तो मोजणीत धरू नका. मी तीन गोष्टी बघितल्या: खिशातून काढून पहिला फोटो किती लवकर निघतो, संध्याकाळच्या उजेडात धावणारं मूल हलल्यासारखं येतं का, आणि कागदाचा फोटो काढला तर चारही कोपऱ्यांतली अक्षरं वाचता येतात का. पहिली आणि तिसरी उत्तम. धावणारं मूल दिवसा स्पष्ट आलं, दिवेलागणीला पुसट.

मराठी टायपिंगला मात्र वेळ दिला, कारण दिवसभर मी तेच करते. सोबत आलेला कीबोर्ड जोडाक्षरांत अडखळत होता. 'ऱ्ह' आणि 'ॲ' शोधायला तीन पानं उलटावी लागायची, आणि प्रत्येक 'आणि'ला तो भलतंच काहीतरी सुचवायचा. दुसरा कीबोर्ड टाकला. फोनचं कंपनही इथेच तपासलं, कारण कळ दाबल्याचा तो छोटा ठोका नेमका असला तर न बघता लिहिता येतं. ढिला गुरगुरणारा मोटर असेल तर कंपन बंदच ठेवावं लागतं. इथला ठोका नेमका आहे, आणि दिवसातून असंख्य वेळा त्याचा आनंद होतो.

जागेचं गणित सरळ आहे. १२८ जीबीच्या फोनमध्ये संगणकाच्या मोजणीनं ११९ च भरतात, त्यातून सिस्टिमचा वाटा जातो. 'रॅम वाढवा' अशी जी सोय मिळते ती साठवणुकीतलीच जागा उसनी घेते, खऱ्या रॅमच्या वेगाला ती पोचत नाही. मी ती बंद केली.

शेवटी, हा फोन किती वर्षं सांभाळला जाईल हे पाहिलं. २०२३ मध्ये पिक्सेल ८ आणि २०२४ च्या सुरुवातीला गॅलेक्सी एस२४ यांच्यासाठी सात वर्षांच्या अपडेटचं आश्वासन आलं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियमच लागू झाला: मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं सिस्टिमचे अपडेट, आणि ८०० वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीची क्षमता किमान ८० टक्के. असे नियम सगळीकडे यावेत. माझ्या फोनला सुरक्षेचे अपडेट किती वर्षं मिळणार हे कंपनीच्या लेखी वचनात शोधलं आणि सेटिंगमधल्या शेवटच्या पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख पडताळली. वचन मोठं आणि पॅच सहा महिन्यांपूर्वीचा, असं दिसलं असतं तर मी फोन परत केला असता.

मुदत संपायच्या आत सगळं बघून झालं आणि फोन ठेवायचा ठरला. नंतर एक मोठा अपडेट आला, तेव्हा मी तीन तपासण्या पुन्हा केल्या, कारण अशा अपडेटमध्ये सेटिंग मूळ जागी जाण्याची शक्यता असते. बॅटरीची मर्यादा तशीच होती. उशीला टेकून बोलताना स्क्रीन आता क्वचितच जागी होते. औषधांच्या ॲपची आपोआप सुरू व्हायची मुभा मात्र काढून घेतली गेली होती. ती परत दिली आणि रात्री फोन पुन्हा टेबलावर न हलवता ठेवला. सकाळी आठवण वेळेवर वाजली.